आपलं लाडकं पुस्तक मुलांच्या हाती कसं द्यावं

थोरलीच्या दहाव्या वाढदिवसाला मी तिला 'श्यामची आई' दिलं. पहिल्या पानावर ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं, 'तुझ्या बाबाचं सगळ्यात आवडतं पुस्तक.' आज ती तेरा वर्षांची आहे आणि ती प्रत अजून करकरीत कोरी आहे. गंमत अशी की गेल्या पावसाळ्यात धाकट्याने, म्हणजे सहा वर्षांच्या माणसाने, त्याच पुस्तकातलं निम्मं ऐकलं. थोरलीनेही ऐकलं, मोबाईलमध्ये डोकं घालून, आपलं लक्ष नाही असं दाखवत. पुस्तक तेच होतं. मधल्या तीन वर्षांत मी चुका करत करत द्यायची रीत बदलली होती.

ती रीत इथे सांगतो. आमचं घर भांडुपला, वन बीएचके. आई, आम्ही दोघं, दोन मुलं. मुलं इंग्रजी माध्यमात. मुलांना वेगळी खोली नाही, हॉल हीच सगळ्यांची खोली आणि टीव्ही तिथेच. मी साडेआठला घरात पाऊल टाकतो, बायको सात-सव्वासातला. 'मुलांसाठी वाचनाचा निवांत कोपरा तयार करा' असले सल्ले वाचले की मला हसू येतं, कारण आमच्याकडे निवांत कोपरा एकच आहे आणि त्याला आतून कडी आहे. तेव्हा हे सगळं अशाच घरांसाठी आहे.

आधी आपण परत वाचायचं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आपल्याला पुस्तक आठवतंय असं वाटतं, पण खरं तर आठवत असते ती मे महिन्याची सुट्टी, मामाकडचा झोपाळा आणि आंब्याचा रस सांडलेलं ते पान. मुलाला यातलं काहीच मिळणार नसतं. त्याच्या हाती पडतो नुसता मजकूर. तो आज कसा लागतो हे बघायला लोकलमधले चार-पाच दिवस पुरतात. सकाळच्या गर्दीत पुस्तक उघडणं अशक्य, पण परतीला ठाण्याची स्लो पकडली तर जमतं.

मी तीसेक वर्षांनी 'श्यामची आई' परत वाचलं. साने गुरुजींनी ते १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५मध्ये ते प्रसिद्ध झालं, म्हणजे माझ्या मुलांच्या पणजीच्या काळातलं कोकण त्यात आहे. वाचताना तीन गोष्टी ध्यानात आल्या. एक, वाक्यं मला वाटत होती त्यापेक्षा साधी आहेत, पण ओटी, ओचे, सोवळं असे शब्द पानोपानी येतात आणि भांडुपच्या सातव्या मजल्यावर त्यांचा कुणाशी परिचय नाही. दुसरी गोष्ट, पोहायला जायला नको म्हणून लपलेल्या श्यामला आई मारत बाहेर काढते, हा प्रसंग माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. तो नुसता वाचून पान उलटण्यासारखा नाही. आणि तिसरी, जी मला सगळ्यात आधी कळायला हवी होती: या पुस्तकात प्रकरणं नाहीतच, 'रात्री' आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. रोज रात्री एक गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, ही वापरायची पद्धत पुस्तकानेच सांगून ठेवली आहे. आणि मी ते दहा वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन 'वाच' म्हणालो होतो.

परत वाचताना हातात पेन्सिल ठेवा. मी तीन खुणा करतो. जिथे शब्द अडेल तिथे खाली रेघ, जिथे बोलावं लागेल तिथे समासात टिंब, आणि जे पहिल्या खेपेला गाळायचं त्याला उभी कड. हो, गाळायला माझी हरकत नाही. पुस्तकातला शब्दही बदलू नये असं मानणारे लोक आहेत, त्यांचा मी आदर करतो, पण त्यांच्यापैकी फार थोड्यांनी दिवसभर शाळा करून आलेल्या पहिलीतल्या मुलाला रात्री नऊ वाजता वाचून दाखवलं असावं. दोन वर्षांनी तेच पुस्तक परत निघतं, तेव्हा गाळलेलं वाचता येतं.

काही पुस्तकं या फेरीत पडतातही. माझी एक आवडती जुनी रहस्यकथांची मालिका होती. परत वाचली तर दर दुसऱ्या पानावर कुणाच्या तरी काळ्या रंगावर नाहीतर जाडीवर विनोद. ती गुपचूप माळ्यावर गेली. आपल्याला आवडलं होतं म्हणून ते पुढे द्यायलाच हवं, असं कुठे आहे?

कानाचं वय वेगळं, डोळ्यांचं वेगळं

मुलाला ऐकून जे समजतं, ते त्याला स्वतः वाचता येण्याच्या बरंच पुढे असतं. वयानुसार याद्या करणारे हे विसरतात. मी प्रत्येक पुस्तकाला दोन वयं लावतो: ऐकायचं आणि वाचायचं. 'तोत्तोचान' हे याचं उत्तम उदाहरण. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी पुस्तकाचा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. स्वतः वाचायचं तर नऊ-दहा वर्षांचं मूल हवं. ऐकायला सहा पुरतात, आणि मुंबईच्या मुलाला तर फारच लवकर लागतं, कारण त्यातल्या तोत्तोचानच्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात. धाकट्याचा पहिला प्रश्न: 'फर्स्ट क्लासमध्ये कोण बसायचं?' दुसऱ्या दिवशी तो शाळेत जायला नेहमीपेक्षा जास्त कुरकुरला, हा त्या पुस्तकाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम.

अगदी लहानांसाठी माझा आग्रह माधुरी पुरंदरेंचा. 'राधाचं घर' या संचातली पुस्तकं छोटी आहेत, लिखाण आणि चित्रं एकाच हातची, आणि त्या चित्रांत आपल्यासारखीच माणसं आपल्यासारख्याच घरात वावरताना दिसतात. दोन-तीन वर्षांचं मूल अशा चित्रावर बोट ठेवून दहा मिनिटं बोलतं. तेव्हा पान उलटायची घाई करू नका, तेच वाचन आहे. त्याच्या जोडीला विंदा करंदीकरांच्या बालकविता. 'राणीची बाग'मधल्या प्राण्यांच्या कविता घरी चार-पाच दिवस म्हणायच्या आणि रविवारी भायखळ्याला खऱ्या राणीच्या बागेत जाऊन त्याच प्राण्यांसमोर परत म्हणायच्या. (बुधवारी बाग बंद असते. आम्ही एकदा शाळेच्या सुट्टीच्या बुधवारी जाऊन, दारावरूनच कविता म्हणून परत आलो आहोत.)

नऊ ते बारा हा खरा पुस्तकांचा काळ. इथे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही चालतो. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याची शाळा, सायकल आणि ते 'ट्टॉक'. पण एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आजचं मूल प्रत्येक संकटात विचारतं, 'त्याने फोन का नाही केला?' यावर 'तेव्हा मोबाईल नव्हते' एवढंच म्हणून पुढे जाऊ नका. आम्ही त्याचा खेळच केला: या गोष्टीत मोबाईल असता तर गोष्ट कितव्या पानावर संपली असती? थोरलीने एका गोष्टीचा चौथ्या पानावर निकाल लावला आणि मग स्वतःच म्हणाली, 'बोअर झाली असती पण.' ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' याच वयातले. बोक्या आपल्या मुलांना जास्त जवळचा वाटतो, गोट्या आजी-आजोबांना. तेव्हा 'गोट्या' वाचायचं काम आजीकडे द्यावं.

बारा-तेराच्या पुढचं प्रकरण वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

वेळ: मेथी निवडता निवडता

झोपताना गोष्ट, हा सल्ला सगळे देतात. आमच्याकडे तो पंधरा दिवसांत कोसळला. रात्री साडेदहाला मीच मुलांच्या आधी झोपायचो, एकदा तर वाक्याच्या मधोमध. शिवाय धाकटा झोपायच्या वेळी थोरलीचा अभ्यास चालू असतो, आईची मालिका असते, आणि दिवा मालवायचा की नाही यावरून रोज तह करावा लागतो.

मार्ग सापडला तो स्वयंपाकघराच्या ओट्याशी, आणि तो आईने शोधला. तिच्या लहानपणी दुपारी बायका गहू-तांदूळ निवडत बसायच्या आणि कुणीतरी पोथी वाचायचं. हात कामात, कान मोकळे. ती म्हणाली, 'तू तेच कर की.' म्हणून आता घरात जे काम बसून, हातांनी आणि फारसा आवाज न करता होतं, ते वाचनाचं काम. मेथी निवडणं, मटार सोलणं, लसूण सोलणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, रविवारी इस्त्री. एक जण वाचतो, बाकीचे निवडतात. ज्याला काम टाळायचंय त्याने वाचावं, असा सरळ सौदा. थोरली पहिल्यांदा मोठ्याने मराठी वाचायला तयार झाली ती वाचनाच्या ओढीने नव्हे, तिला लसूण सोलायचा नव्हता म्हणून. कारण काही का असेना.

मेथीची एक जुडी म्हणजे वीसेक मिनिटं. एवढ्यात 'श्यामची आई'तली एक रात्र होते, किंवा कादंबरीची सहा-सात पानं. आठवड्यातून तीनदा झालं तरी पुष्कळ. रोज करायचा हट्ट धरलात तर चौथ्या दिवशी मोडतो आणि मग महिनाभर कुणी नाव काढत नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी, बाहेर विसर्जनाची मिरवणूक, यांच्याशी स्पर्धा करू नका. शिट्टी झाली की थांबायचं, शिट्ट्या मोजायच्या, पुढे जायचं.

आणि एक पथ्य. 'दहा पानं वाचलीस तर अर्धा तास मोबाईल' हे आम्ही करून पाहिलं. पोरं दहा पानं वाचतात, अकरावं कधीच नाही. मी ते बंद केलं.

वाचून दाखवायचं कसं

नाट्यवाचन करायची गरज नाही. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायला गेलात तर तिसऱ्या पानावर घसा बसतो आणि दुसऱ्या दिवशी कुठला आवाज कुणाचा होता ते आठवत नाही. मुलं मात्र विसरत नाहीत. हळू वाचा, एवढं पुरे. आपल्याला वाटतं त्याहूनही हळू. मुंबईत आपण सगळेच गाडी सुटत असल्यासारखे वाचतो.

अडलेल्या शब्दाचा अर्थ वाक्य न तोडता, जाता जाता सांगायचा: 'ओटीवर, म्हणजे घराच्या पुढच्या उघड्या भागात, बसले होते.' एका पानात असे दोनपेक्षा जास्त शब्द आले तर बाकीचे सोडून द्या. अर्थ न कळताही मुलं गोष्ट धरून ठेवतात. विक्रम-वेताळातलं 'स्मशान' आणि 'प्रेत' कळायच्या आधीच आपण त्याला घाबरलो होतो की नाही?

जड प्रसंगी थांबा, पण भाष्य करू नका. त्या पोहण्याच्या गोष्टीनंतर मी शिक्षकी आवाजात म्हणालो होतो, 'बघ, आईने त्याच्या भल्यासाठीच...' वाक्य पुरं व्हायच्या आत धाकट्याने विचारलं, 'मग तू मला मारणार का?' हॉलमध्ये शांतता. आई पलीकडून म्हणाली, 'तुझ्या बाबाला मी एकदाच मारलं होतं आणि मला अजून वाईट वाटतं.' ही गोष्ट मला चव्वेचाळीस वर्षांत तिने सांगितली नव्हती. त्या रात्री पुस्तक तिथेच मिटलं. म्हणून सांगतो, 'यातून आपण काय शिकलो?' हा प्रश्न शाळेला ठेवा. विचारायचंच असेल तर 'तुला यातला कोण आवडला नाही?' हे विचारा. मुलं नावडत्यांबद्दल फार मोकळेपणाने बोलतात.

भाग नेहमी अर्धवट ठिकाणी तोडा. चांदोबातला वेताळ राजाच्या खांद्यावरून परत झाडाला जाऊन लटकायचा, आणि पुढच्या अंकाची वाट बघणं आपोआप व्हायचं.

इंग्रजी माध्यम, मराठी पुस्तक

मुंबईत अडचणीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, आणि घराघरांत ते अपराधी चेहऱ्याने सांगितलं जातं. तो चेहरा आधी बाजूला ठेवू. तुमचं मूल शाळेत हिंदी शिकत असेल तर देवनागरी त्याला येतेच. अडतं ते 'ळ' पाशी, 'ऱ्या' पाशी, लांब जोडाक्षरांपाशी, आणि सगळ्यात जास्त शब्दांच्या तुटवड्यापाशी. घरात आपण जी मराठी बोलतो ती 'फ्रिज बंद कर' आणि 'बॅग भर' एवढीच राहिली असेल, तर पुस्तकातलं 'सांजावलं' त्याला परकं वाटणारच.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिले दोन-तीन महिने फक्त ऐकणं. मुलाच्या हातात मराठी पुस्तक द्यायचंच नाही. मग एका पानावरचे फक्त संवाद त्याने वाचायचे, बाकी आपण. पुस्तकातला एक जण त्याचा, त्याच्या तोंडची वाक्यं आली की तो वाचणार. मग एक परिच्छेद तुझा, एक माझा. शेवटी अख्खं पान. थोरलीला संवादांपासून पानापर्यंत यायला अख्खं वर्ष लागलं. वाचताना चुकलं तर दुरुस्त करू नका, फक्त अर्थ बदलत असेल तेवढंच. तिने एकदा 'पाळणा'चं 'पालना' केलं, मी लगेच सुधारलं, तर तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि लसूण घेतला.

इंग्रजी पुस्तकांना शत्रू समजू नका. तिला जे इंग्रजीत आवडतं त्याच्याबद्दल मराठीत बोलायचं, एवढी एकच अट आम्ही घातली. 'ड्रॅगन मेला तेव्हा कसं वाटलं' हे मराठीत सांगताना तिची जी तारांबळ उडते आणि जे शब्द ती आजीकडून उसने घेते, तेवढं मराठी मला एका वहीभर शुद्धलेखनातून मिळालं नसतं.

तेरा वर्षांच्या माणसाला पुस्तक देऊ नये

दिलं की संपलं. या वयात आई-बापाने पुढे केलेली कुठलीही वस्तू संशयास्पद असते. पुस्तक घरात पडलेलं सापडावं लागतं.

मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' संडासाच्या दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि तीन आठवडे त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यातला लंपन नावाचा मुलगा, त्याचं आजी-आजोबांकडचं घर, त्याचं ते सतत 'मॅड' म्हणणं. एक दिवस थोरलीने जेवताना कुठल्याशा गोष्टीला 'मॅडच आहे' म्हटलं, तिच्या नेहमीच्या सुरात नाही, लंपनच्या सुरात. मी ताटात बघत राहिलो. 'वाचतेस वाटतं?' असं विचारलं असतं तर पुस्तक तिथेच बंद झालं असतं. लंपन आवडला तर पुढची तीन पुस्तकं आहेतच: 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' चौदा-पंधराला. नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, आणि पहिल्यांदा कुणीतरी आवडणं. यात पोरांच्या तोंडी शिव्या आहेत आणि मुलींबद्दलची पोरकट बडबड आहे. काही पालक त्यामुळे ती दडवतात. माझं मत उलट आहे, त्याच बोलण्याबद्दल घरात बोलता यावं म्हणून ती हाताशी असावी. पण आधी तुम्ही वाचलेली असू द्या. विज्ञानाकडे ओढा असेल तर जयंत नारळीकरांच्या कथा. 'यक्षांची देणगी'पासून सुरुवात करावी.

या वयाला लागू पडणारा दुसरा उपाय म्हणजे अदलाबदल. मी तुझं एक वाचतो, तू माझं एक. नियम सारखे: तीस पानांनंतर कुणालाही सोडायची मुभा, आणि 'का सोडलं' हे एका वाक्यात सांगायचं. तिने मला जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, दिली. मी दोन स्टेशनं ती डावीकडून वाचत होतो आणि काही केल्या कळत नव्हतं की मेलेला माणूस पुढच्या पानावर जेवतोय कसा. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे तिने मला रात्री इतक्या समाधानाने समजावलं की त्या आनंदात तिने माझं पुस्तकही उघडलं. आपण कधी तरी अडाणी ठरणं फार उपयोगाचं असतं. मी तीसऐवजी दोनशे पानं वाचली आणि खरं सांगायचं तर तिसरा खंड मीच मागितला.

आणायची कुठून

सगळी विकत घ्यायची गरज नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून आहे, दादर पूर्वेला मुख्य वास्तू. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३चं. त्याखेरीज बहुतेक उपनगरांत एखादं सार्वजनिक वाचनालय असतंच. त्यांचा बालविभाग कधी भरलेला असतो, कधी एका कपाटापुरता. आधी स्वतः एकटे जाऊन बघून या. मुलाला घेऊन गेलात आणि कपाटाला कुलूप निघालं तर दुसऱ्यांदा ते येत नाही. आमच्या बाबतीत हे घडलं आहे.

विकत घ्यायची तर दादर पश्चिमेचं आयडियल. मुलाला तिथे तास-दीड तास मोकळं सोडा, ठरलेली रक्कम हातात द्या आणि निवडीत नाक खुपसू नका. धाकट्याने पहिल्या खेपेला डायनोसॉरचं रंगवायचं पुस्तक घेतलं. घेऊ दे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त आणि चांगली असतात. जुन्या पुस्तकांसाठी किंग्ज सर्कलला माहेश्वरी उद्यानाजवळचा फूटपाथ आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनची बाजू. तिथे मराठी कमी, इंग्रजी भरपूर. आणि ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा. वर्षअखेरीला घरं रिकामी होतात तेव्हा त्याच्याकडे किशोर आणि चांदोबाचे गठ्ठे येतात.

फुकट मिळणारंही कमी नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. आपण ज्या वर्षी पाचवीत होतो त्या वर्षीचा अंक काढून मुलांसमोर ठेवा, जाहिरातींपासून चित्रांपर्यंत सगळ्यावर बोलता येतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पडद्यावर वाचायचं तर लॅपटॉप बरा, मोबाईलवर वरून संदेश टपकत राहतात. आणि सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेतल्या भिलारला अर्धा दिवस द्या. २०१७मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचायचं. ओटी-ओसरी म्हणजे काय हे धाकट्याला तिथे बसल्यावर कळलं.

जागा आणि पावसाळा

मुलांची पुस्तकं त्यांच्या कमरेच्या उंचीवर हवीत, काचेच्या कपाटात नकोत. आम्ही हॉलच्या भिंतीवर जाड दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पाच-सहा पातळ पुस्तकं टांगतो, मुखपृष्ठ पुढे करून. दर पंधरा दिवसांनी बदलतो. टांगलेलं वाचलं जातं, उभं रचलेलं नाही.

जून ते सप्टेंबर मुंबईत पुस्तकाचे तीन वैरी: ओल, बुरशी, कसर. पावसाचा मार लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं खच्चून भरू नका, हवा फिरली पाहिजे. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कप्प्यात टाका, पण लहान मूल असेल तर वरच्याच कप्प्यात. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. पुस्तक आधी पंख्याखाली वाळवा, मग गॅलरीत कोरड्या ब्रशने झटका. ऑक्टोबरच्या उन्हात सगळी एकदा बाहेर काढा, पण थेट उन्हात तास-दोन तासच. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून पानाला डाग सोडते.

घराबाहेर फिरवताना वही हवी

बिल्डिंगमध्ये आम्ही मे महिन्यात अदलाबदल सुरू केली. जिन्यात कपाट ठेवायचं ठरत होतं, सेक्रेटरींनी अडवलं, आणि ते बरोबर होतं, जिना मोकळाच हवा. मग एक मोठी पिशवी केली, ती दर शनिवारी एका घरून दुसऱ्या घरी जाते. सात घरं, सात आठवडे. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पेन्सिल बॉक्सऐवजी पातळ पुस्तक द्यायची प्रथाही त्यातूनच पडली.

पुस्तकं हरवतात. माझी 'वनवास'ची पहिली प्रत एका नातेवाइकांकडे गेली ती गेलीच. पहिल्या पानावर मित्राने दोन ओळी लिहिलेल्या होत्या, दुकानातून दुसरी प्रत आणली तरी त्या ओळी परत आल्या नाहीत. तेव्हापासून दोन नियम. जे पुस्तक गेलं तर जीव हळहळेल ते बाहेर द्यायचं नाही, त्याची दुसरी प्रत द्यायची. आणि वही. दोनशे पानी साधी वही, चार रकाने: पुस्तक, कुणाकडे, कधी दिलं, कधी आलं. ती सांभाळायचं काम मुलांकडे. मोठ्यांना आठवण करायला संकोच वाटतो, मुलांना वाटत नाही. धाकटा तर लिफ्टमध्येच विचारतो.

वही सध्या थोरलीकडे आहे. परवा सहज उघडली. शेवटची नोंद: मांगा, खंड तिसरा, बाबा, दिलं १२ तारखेला. चौथ्या रकान्यात लाल पेनाने प्रश्नचिन्ह, आणि खाली बारीक अक्षरात, 'दंड: दोन गड्डे लसूण.'